पानी तहानेला, हौसेला नाय

धोतऱ्याचं रोप लहानपणी वांग्याच्या रोपासारखं दिसतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला पाच आठवडे खतपाणी घातलं नसतं. "भरताचं वांगं आहे," असं बिल्डिंगभर सांगूनही झालं होतं. एका सकाळी तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या मावशी गच्चीवर आल्या, वाकल्या, हाताच्या उपड्या बाजूने त्यांनी पान उलटलं, चुरगळून वास घेतला आणि म्हणाल्या, "बाबा, याचं भरीत नको करू हां. पानावर बसलेला कोन उठायचा नाय."

माझी बायको शेजारीच कपडे वाळत घालत होती. ती इतकी हसली की हातातला उशीचा अभ्रा खाली पडला. माझं आणि मावशींचं वैर तिथून सुरू झालं. वैर अर्थात एकट्या माझ्याच बाजूचं. मावशींना त्याचा पत्ता नव्हता, निदान मला तसं वाटत होतं.

त्या येईपर्यंत गोखिवऱ्यातल्या आमच्या सोसायटीत रोपांचा माणूस मी होतो. माझे आजोबा शेतकरी होते, हे मी पाण्याच्या टाकीच्या मीटिंगमध्येसुद्धा सांगायचो. मोबाइलवर बघून कोकोपीट आणि रोपांचे दोन काळे ट्रे मागवले होते. मावशी नंदाखाल गावच्या. सगळा जन्म केळीच्या आणि भाजीच्या वाडीत गेलेला. म्हातारपणी मुलाच्या फ्लॅटवर आल्या त्या मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा खोका घेऊन. त्यात माती, जुनं शेणखत आणि मूठभर राख. मला कीव आली. औदार्य दाखवायला मी माझ्या दोन ट्रेंपैकी एक त्यांना देऊन टाकला. "घ्या मावशी, आता हीच पद्धत आहे."

महिन्याभरात त्यांनी माझ्याच ट्रेमध्ये मिरचीची अशी रोपं काढली की ती पाहून मला जेवण जाईना.

रोज सकाळी त्या रोपांच्या शेंड्यांवरून हात फिरवायच्या. हलकेच, एकदा इकडून, एकदा तिकडून. मला वाटलं, काही प्रार्थना वगैरे असेल. एकदा विचारलंच.

"मंत्र नाय रे," त्या म्हणाल्या. "इथं कठड्याच्या आड वारा लागत नाय, मग आपन लावायचा. हललं की खोड जाड होतं. नुसतं लाडात वाढवलं तर मान टाकतंच."

हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, तरी मला लागलं.

मी झारी घेऊन दिसलो की त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे. "तहान लागलीय काय त्याला? बोट घालून बघितलंस मातीत?" आणि मग ठरलेलं वाक्य, "पानी तहानेला घालायचं बाबा, हौसेला नाय." आता हौसच नसेल तर माणसाने चार जिने चढून गच्चीवर यायचं तरी कशाला? मी घरी येऊन मावशींची हुबेहूब नक्कल करायचो. बायको म्हणायची, "आवाज छान जमलाय. आता हातही जमतो का बघा."

पहिल्या मजल्यावरच्या वहिनी पूर्वी तुळस माझ्याकडून न्यायच्या. त्या आता आमचं दार ओलांडून तिसऱ्या मजल्यावर जाऊ लागल्या. वॉचमनच्या केबिनशेजारी मावशींची मिरची लागली. तुम्हीही कधी ना कधी अशा माणसाशेजारी राहिला असाल. त्याचं वाईट चिंतावं तर तोच आपल्याला वाटीभर काहीतरी आणून देतो.

दिवाळीनंतर बायको म्हणाली, "गोण्यांत टोमॅटो लावायचेत. या वेळी रोपं मावशींकडून आणू का?"

"काही नको. माझीच लागतील," मी म्हणालो. पंचवीस वर्षांच्या संसारात इतकं झोंबणारं ती कधी बोलली नव्हती.

माझी रोपं बाल्कनीच्या आतल्या कोपऱ्यात होती. उंच, पांढुरकी, एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून उभी. आणि मावशींचीही टोमॅटोचीच रोपं गच्चीवर, तशाच काळ्या ट्रेमध्ये, शाळेच्या रांगेसारखी ताठ. एका दुपारी मावशी झोपल्या आहेत हे पाहून मी माझा ट्रे वर नेऊन ठेवला आणि त्यांचा उचलून खाली आणला. पन्नाशीच्या माणसाची जिन्यात छाती धडधडावी, तीही टोमॅटोपायी!

"बघ!" मी बायकोला ट्रे दाखवला. तिने नुसतं "हं" केलं आणि चहा ठेवायला गेली.

पुढे काय झालं ते सांगायला लाज वाटते. मावशींनी वाढवलेल्या त्या ताठ रोपांना मी आठवड्यात माझ्या वळणावर आणलं. कोपरा अंधाराचा, पाणी हौसेचं. मातीपाशी नरम पडून एकेक आडवं झालं. शेवटच्या रोपाला तर मी घाबरून दोनदा पाणी घातलं.

गच्चीवर जायचं धाडस होईना. पंधरा-वीस दिवसांनी बेल वाजली. दारात मावशी, दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरून धापा टाकत. हातात तो मासळीचा खोका आणि त्यात दुधाच्या कापलेल्या पिशव्यांमध्ये टोमॅटोची रोपं. बुटकी, जाडजूड, गर्द हिरवी. माझीच होती ती. लांब वाढलेली खोडं त्यांनी पार पानांपर्यंत मातीत पुरली होती. टोमॅटोच्या पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात, हे मला तेव्हा कळलं.

मावशी माझ्या बायकोला म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याची रोपं गो. वर उन्हाला ठेवलेली. चांगली आलीत, लाव आता."

आणि मी, ऐका, मी म्हणालो, "हो, या वेळी जरा लक्ष दिलं."

मावशी माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा नाहीत.

टोमॅटो भरपूर लागले. बायकोने सार केलं. वाढताना म्हणाली, "घ्या, तुमच्या हातचे." मला शरमेपेक्षा जळफळाटच जास्त झाला. चोरी मी केली, आणि तिच्यातही मोठेपणा त्यांनीच मारून नेला होता.

या पावसाळ्याआधी मावशींना जिना झेपेना. त्या नंदाखालच्या घरी परत गेल्या, आणि दोन महिन्यांतच तिथे वारल्या. महिन्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमध्ये त्यांच्यासाठी झालेल्या प्रार्थनेला, आमची निम्मी सोसायटी गेली होती. चर्चच्या आवारात जो तो सांगत होता, माझी मेलेली मिरची त्यांनी जगवली, माझं कारलं जगवलं. मला तिथेही हेवा वाटला. मी समजत होतो, मावशींनी सांभाळून घेतलेला मी एकटाच आहे.

घरी आल्यावर राहवेना. बायकोला सगळं सांगून टाकलं. ट्रे, दुपार, जिना, सगळं. ती साडीची पिन काढत शांतपणे ऐकत होती.

मग म्हणाली, "तुम्ही ट्रे घेऊन उतरत होतात तेव्हा मी पाहिलं होतं. संध्याकाळी वर गेले मावशींची माफी मागायला. म्हटलं, मावशी, यांनी चोरी केली हो. तर त्या तुमची रोपं उन्हाकडे सरकवत होत्या. म्हणाल्या, 'चोरी कसली गो? आजारी पोर माझ्या दारात ठेवून गेलाय तो.'"