अडकल्यास फोन करा

आमच्या घरी फोन वाजला की मी आधी वही उघडते, मग फोन उचलते. माझा पहिला प्रश्न ठरलेला: काय करत होतात तेव्हा? नमस्कार-चमत्कार नंतर. पलीकडचा माणूस जरा गडबडतो, कारण तो रागवायच्या तयारीनं आलेला असतो आणि इथे त्याचीच उलटतपासणी सुरू होते.

याला कारण आमचे हे. ह्यांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. बावीस वर्षं झाली. आणि गेली नऊ वर्षं पहाटे साडेचार ते सात हे संगणकासाठी ऑपरेटिंग सिस्टिम लिहितात. म्हणजे यंत्र चालू केल्यापासून बंद करेपर्यंत आतला सगळा कारभार जी बघते ती: कोणाचं काम आधी, कोणाचं नंतर, कुठली वस्तू कुठे ठेवली. मोठ्या कंपन्यांत या कामाला हजारो माणसं लागतात. आमच्याकडे एक माणूस, एक टेबल आणि लोकांनी टाकून दिलेले चार संगणक. नाव ठेवलं 'तळमजला'. का, तर लिफ्ट बिघडली की तिला आधी तळमजल्यावर आणायची असते.

कशाला हा उपद्व्याप, असं विचारणाऱ्यांची आमच्याकडे कधी वाण नव्हती. आमची मुलगी याच क्षेत्रात आहे. ती म्हणाली, बाबा, चांगल्या सिस्टिम्स फुकट मिळतात, त्यातली एक घ्या ना. हे म्हणाले की मिळतात, पण त्यांच्या आत कोट्यवधी ओळी आहेत, एका जन्मात वाचून व्हायच्या नाहीत. मला अशी हवी, जी अख्खी एका माणसाच्या डोक्यात मावेल. त्यावर मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि मी भाजीकडे.

हाल काही कमी झाले नाहीत. प्रिंटरशी कुठल्या भाषेत बोलायचं हे त्याची कंपनी सांगेना. पाच पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. मग दुसरा संगणक प्रिंटरला काय सांगतो ते ह्यांनी सात महिने चोरून ऐकलं आणि लिहून काढलं. पहिलं पान छापून आलं ते अर्धंच, आणि तेही तिरकं. मी त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर वाण्याची यादी केली. त्यावरून घरात तीन दिवस अबोला होता. संगणकातून आवाज यायला दोन वर्षं लागली. इंटरनेटवरची अर्धी पानं आजही उघडत नाहीत. उघडतात तेवढी आधी वाचून संपवा, असं मी फोनवर सांगते.

एक गोष्ट मात्र ह्यांना आयती साधली. डिस्कवरची माहिती कुठल्या क्रमानं वाचायची, तर लिफ्ट जशी वाटेतले मजले घेत वर जाते आणि तशीच खाली येते, तशी. पुढे कळलं की विद्वानांच्या पुस्तकात ही रीत आधीपासूनच आहे आणि तिला नावही लिफ्टचंच आहे. शोध आपला नव्हता याचं ह्यांना वाईट नाही वाटलं. आठवडाभर घरात शीळ चालू होती.

आणि फोनचं म्हणाल, तर तेही लिफ्टमधूनच आलेलं. प्रत्येक लिफ्टमध्ये पाटी असते, अडकल्यास या नंबरवर फोन करा. तळमजला बंद पडला की पडद्यावर येतं: 'काम अडकलं आहे. चूक तुमची नाही, माझी आहे. या नंबरवर फोन करा.' नंबर माझा. हे लिफ्टच्या शाफ्टमध्ये लोंबकळत असताना फोन कसा घेणार? वापरणारे सगळे मिळून चाळीसेक, तेही असेच एकेकटे हौशी. वहीत नऊ वर्षांचे एकशे सत्तावीस फोन होते.

मग वाचनालयाचं निघालं. त्यांचे आठ संगणक जुने झाले म्हणून भंगारात निघणार होते. ग्रंथपाल बाईंनी एकावर तळमजला चालवून बघितला आणि समितीला बोलावलं. आठ यंत्रं, रोजची शंभर माणसं. नऊ वर्षांत पहिल्यांदा घराबाहेरचं खरं काम मिळणार होतं. मी सकाळीच बजावलं, ते म्हणतील त्याला हो म्हणा. हे हो म्हणाले.

अध्यक्ष स्वतः यंत्रापुढे बसले. छपाई चालू असताना त्यांनी माउसची दोन्ही बटणं दाबून धरली आणि यंत्र जागच्या जागी थांबलं. पडद्यावर पाटी आली. नंबर खरा आहे का बघू, म्हणून त्यांनी तो तिथेच फिरवला. मागच्या रांगेत माझ्या पिशवीत फोन वाजला आणि सवयीनं मी उचलून विचारलं, काय करत होतात तेव्हा?

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले की यंत्रं आम्ही घेऊ, पण ही पाटी काढा. 'अज्ञात त्रुटी' लिहा, सगळे तेच लिहितात. चूक आपली आहे असं कोणी लेखी देतं का?

हे सावकाश म्हणाले, "बावीस वर्षं अडकलेली माणसं बाहेर काढतोय. आतल्या माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात. आपली चूक नाही हे, आणि कोणाला हाक मारायची ते. पाटी निघणार नाही."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "ताई, तुम्हाला तरी हा त्रास नकोच असेल ना?"

नको होता. नऊ वर्षं मी कुरकुर करत आले होते. पण 'अज्ञात' या शब्दानं माझं डोकं फिरलं. एकशे सत्तावीस चुका माझ्या वहीत तारखेनिशी होत्या. अज्ञात एकही नव्हती. मी म्हटलं, "नंबर राहील. फक्त दुपारी दोन ते चार करू नका. सकाळी बालवाडीत बत्तीस पोरं सांभाळते, तेवढीच झोप मिळते मला."

चार ओळींचं नकाराचं पत्र आलं. सात यंत्रं भंगारात गेली. आठवं ग्रंथपाल बाईंनी स्वतःच्या जबाबदारीवर पुस्तकांच्या नोंदीसाठी ठेवून घेतलं. ह्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि दुसऱ्या पहाटे साडेचारला टेबलापाशी बसले. मी जेवढं वाईट वाटून घेतलं तेवढं त्यांनी नाही घेतलं. मला फार लागलं होतं.

त्यानंतर सहा आठवडे वाचनालयातून फोन नाही. सगळं सुरळीत होतं, की बाईंनीही नाद सोडला, कळायला मार्ग नव्हता. विचारायचं धाडस मला होईना.

मग एका दुपारी, बरोबर चाराला, फोन वाजला. ग्रंथपाल बाई होत्या. यंत्र सव्वादोनपासून अडकलंय म्हणाल्या. मग तेव्हाच का नाही केलात, मी विचारलं.

"पडद्यावर लिहिलंय ना," त्या म्हणाल्या. "फोन बाई घेतात, त्या दुपारी दोन ते चार झोपतात, तेव्हा करू नये."

हे मला माहीतच नव्हतं. ह्यांनी न सांगता ती ओळ घातली होती. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

"रांग लागली असेल," मी म्हटलं.

"एकच आहेत. आपले अध्यक्ष. पुस्तक घ्यायला आले आणि इथली बटणं दाबून बसले. तेव्हापासून म्हणतायत, फोन लावा, फोन लावा. मी म्हटलं, थांबा, बाई झोपल्यात."

मी वही उघडली. तारीख घातली.

"त्यांनाच द्या फोन," मी म्हटलं.