फोटोतला बोकड

पोलीस ठाण्यानं मला फसवलं. आणि मला फसवताना सणसरच्या बाजूच्या एका आबांनाही फसवलं, एकाच बोकडात. माझा चोरीला गेलेला बोकड सापडला असं सांगून पोलिसांनी आबांचा चोरीला गेलेला बोकड माझ्या हातात दिला, फोटो काढला आणि दोन्ही चोऱ्यांतून हात झटकून मोकळे झाले. हे मी ऐकीव लिहीत नाही. त्या फोटोत दावं माझ्याच हातात आहे.

ठाणं कोणतं ते लिहीत नाही. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांत माझं येणंजाणं आहे, आणि ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी शेळ्यांचा व्यापार करते. सासरी वाट्याला जमीन आली ती कालव्याच्या शेपटाला, जिथं पाणी पोचेपर्यंत आवर्तन संपतं. त्या जमिनीच्या भरवशावर बसले असते तर आज दुसऱ्याच्या उसात खुरपत असते. वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये शेळीचं दूध घालण्यापासून सुरुवात केली आणि तिथून बाजारात उतरले. बाजारात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा व्यापारी हसले. रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायची त्यांची रीत. एकजण म्हणाला, "आक्का, तुमी रुमालाखाली हात कसा घालणार?" मी म्हटलं, "घालतच न्हाय. तोंडानं बोलते. सगळ्या बाजाराला ऐकू जाऊ दे." तेव्हापासून माझा भाव उघड्यावर होतो. मी भाव रेटते, भांडते, वेळ आली तर शिव्याही देते. पण शेळीचं वय लपवत नाही, आजार लपवत नाही. गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी जबडा उघडून दात दाखवते. माझ्याकडून घेतलेल्या जनावराची पावती कुणी कधी मागितली नाही. आक्काकडचं आहे एवढं पुरत होतं. माझं भांडवल ते.

माझा बोकड पैदाशीचा होता. उस्मानाबादी, काळाभोर, छातीला रुंद. अंथुर्ण्यापासून बारामतीपर्यंतची माणसं आपल्या शेळ्या त्याच्याकडं फळवायला आणायची. त्याचं उजवं शिंग टोकाला तुटलेलं होतं, शेडच्या लोखंडी खांबाला धडका देऊन देऊन. दिवाळी झाली, कारखाने सुरू झाले, रस्त्यावर रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या धावायला लागल्या. अशा दिवसांत एखादा टेम्पो शेडपाशी थांबला तरी कुणी मान वर करून बघत नाही. एका सकाळी खुंटा होता, दावं कापलेलं होतं, बोकड नव्हता.

तशीच ठाण्यात गेले. तक्रार लिहून घ्यायला एक हवालदार बसले होते. जुने ओळखीचे, यात्रेच्या दिवसांत माझ्याकडं बोकडाच्या भावासाठी घासाघीस करून गेलेले.

"काय गेलं?"

"बोकड."

"रंग?"

"काळा. उजवं शिंग टोकाला तुटलेलं. छाती रुंद. डाव्या कानाच्या मागं टक्कल पडल्यावानी जागा हाय."

त्यांनी लिहिलं: काळा बोकड, एक.

"हवालदारसाहेब, शिंगाचं लिवा की."

"आक्का, चोर शिंग बघून न्हेत न्हाय. वजन बघून न्हेतो."

शेजारचा शिपाई हसला. मी भांडले तेव्हा त्यांनी "वर्णनाप्रमाणे" असा एक शब्द आणखी घातला. कुठल्या वर्णनाप्रमाणे, ते देव जाणे.

ठाण्याचं वर्ष मला पाठ आहे, कारण माझ्या धंद्याचं वर्ष त्याच्याच बरोबर फिरतं. चैत्रात गावोगावच्या यात्रा. तेव्हा माझे बोकड खपतात आणि पोलीस बंदोबस्ताला असतात. बकरी ईदच्या आधी नाकाबंदी, तेव्हा माझाच टेम्पो थांबवून मलाच विचारतात, "कुठनं आणली एवढी?" पावसाळ्यात बांधाची भांडणं, अख्खी भावकी डोकी फोडून ठाण्याच्या व्हरांड्यात. गणपतीत शांतता कमिटी आणि स्पीकरचा आवाज. दसऱ्याला बंदुकांची पूजा. मग उसाचा हंगाम, ट्रॉल्यांचे अपघात, ऊसतोड टोळ्यांची भांडणं. या सगळ्यात शेळीचोरीची तक्रार म्हणजे गर्दीत पडलेली चप्पल. कुणी वाकून बघत नाही.

डिसेंबर आला की मात्र ठाणं अंगात आल्यासारखं हलतं. वर्ष संपायच्या आत वर दाखवायचं असतं, किती गुन्हे उघडकीला आणले. वर्षभर न सापडलेल्या वस्तू त्या एका महिन्यात सापडतात. आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला पोलिसांचा सप्ताह असतो. शाळेच्या पोरांना बंदुका दाखवतात, मांडव घालतात आणि चोरीचा सापडलेला माल ज्याचा त्याला समारंभानं परत करतात. मोबाईल, मोटारसायकली, पाण्याच्या मोटारी. त्याच सुमाराला मला हवालदारांचा फोन आला.

"आक्का, बोकड घावला. पेढं घेऊन या."

मी पेढे घेतले नाहीत, पण टेम्पो करून गेले. ठाण्याच्या आवारात जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या रांगेत, एका गाडीच्या चाकाला बोकड बांधलेला होता. मला फाटकातूनच दिसलं. काळा होता, उस्मानाबादी होता, माझा नव्हता.

"हा माझा न्हाय," मी म्हटलं.

"आसं कसं? काळा हाय न्हवं?"

"काळी तर तुमची गाडी बी हाय. ती न्हिऊ का घरी?"

"आक्का, नाकाबंदीत टेम्पो धरला, त्यात ह्यो एकच बोकड. तुमची एकच तक्रार. जुळतंय की सगळं."

"माझ्या बोकडाचं शिंग तुटलेलं हाय. ह्याची दोन्ही शाबूत हायेत."

"वाढलं आसंल."

"तुटल्यालं शिंग वाढतं व्हय?"

"ठाण्याचं पाणी लागलं आसंल," हवालदार म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की मांडव घालणारी माणसंही वळून बघायला लागली.

मी परत निघाले होते. तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. म्हणाले, साहेबांनी यादी वर पाठवली आहे. पाहुणे यायच्या वाटेवर आहेत. बोकडाला इथं चारापाणी बघायला कुणी नाही, दोन दिवसांत मरेल. "तुमी तूर्तास न्या. चोराचा दुसरा साथीदार घावायचाय. तुमचा मिळाला की हा परत आणून सोडा."

इथं मी व्यापाऱ्यासारखा विचार केला. आमच्या धंद्यात एखाद्यानं ठरलेलं जनावर दिलं नाही आणि भलतंच आणून उभं केलं, तर ते भलतं आपल्या दावणीला बांधून ठेवायचं. ते तारण. जोवर ते आपल्याकडं आहे तोवर समोरच्याला झोप लागत नाही. तो स्वतःच्या पायानं आपलं जनावर घेऊन येतो. आम्ही बाजारातली माणसं रिकाम्या हातानं कधी माघारी फिरत नाही. मला वाटलं, ठाण्याचा बोकड माझ्या दावणीला आला की ठाण्याला माझा शोधावाच लागेल.

समारंभात माझं नाव पुकारलं. साहेबांनी दावं माझ्या हातात दिलं. मी तरीही तोंडावर सांगितलं, "साहेब, हा माझा न्हाय." साहेबांचं हसू हललं नाही. ओठ न हलवता ते म्हणाले, "मावशी, आधी फोटो होऊ द्या." फोटो झाला. टाळ्या झाल्या. शाळेची पोरं बोकडाला हात लावायला पुढं धावली. मग एका कागदावर सही घेतली: हे जनावर मी नीट सांभाळीन, विकणार नाही, कापणार नाही, कुणाला देणार नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन. सही मी वाचून केली. विकायचं माझ्या मनात नव्हतंच.

पंधरवड्यानं ठाण्यात गेले, विचारलं, माझ्या बोकडाचं काय झालं?

हवालदारांनी मान वर केली. "तुमचा तर मिळाला की आक्का. पेपरात बी आलाय."

मी तारण म्हणून धरलं होतं. त्यांनी फिटलं म्हणून नोंदवलं. बाजारात असं करणाऱ्याला दुसऱ्या आठवड्याला कुणी उभं करत नाही. ठाण्यात त्याला टाळ्या मिळतात.

खरं संकट त्यानंतर आलं. उन्हाळ्याच्या तोंडाला बारामतीच्या बाजारात मी एका गिऱ्हाइकाशी शेळीचा सौदा करत होते. तेवढ्यात धोतर-टोपीतले एक म्हातारे गर्दीतून सरळ माझ्यापाशी आले. हातात भाच्याचा मोबाईल, त्यावर तो फोटो.

"ह्यो बोकड तुझ्याकडं हाय?"

"हाय."

"माझा हाय त्यो. हीच ती बाई!" ते बाजाराकडं तोंड करून ओरडले. "माझा बोकड चोरलाय, आन् वर पोलिसांच्या हातनं हार घालून घेतीय!"

हार कुणी घातला नव्हता, पण ते सांगत कुणाला बसू. माझ्या अंगाचा भडका उडाला. "आबा, वयाकडं बघून गप हाय. चोरी करायची आसती तर दात बघून केली आसती, तुमचा म्हातारा बोकड कशाला न्हेला आसता?"

"म्हातारा? चार दाती हाय त्यो!"

ते बरोबर होतं. बोकड चार दातीच होता, ऐन भरातला. लोक हसले, आणि माझं गिऱ्हाईक हातातली शेळी सोडून हळूच बाजूला झालं. ते मी पाहिलं.

मी आबांना टेम्पोत बसवून घरी आणलं. शेडच्या दारातून त्यांनी फक्त जिभेनं टक् टक् केलं. बोकड खाणं टाकून दावं ताणत त्यांच्याकडं गेला आणि त्यांच्या खिशात तोंड घालायला लागला. आणखी पुरावा मला नको होता.

"तुमी तक्रार दिली नव्हती का?" मी विचारलं.

दिली होती. त्याच ठाण्यात. पण त्यांचा गुन्हा दाखलच केला नव्हता. साधा अर्ज ठेवून घेऊन म्हाताऱ्याला घरी पाठवलं होतं. ज्याची चोरीच झाली नाही, त्याचा बोकड सापडणार कसा? म्हणून तो माझा झाला.

"मग दे की माझा मला," आबा म्हणाले.

"देता येत न्हाय आबा. सही दिलीय. उद्या कोर्टानं मागितला तर मी काय हजर करू?"

"म्हंजी माझा बोकड तुझ्या दारात, आन् तू म्हणतीस माझा न्हाय, तरी देत न्हाय?"

"व्हय."

ते माझ्याकडं असे बघत राहिले की मला शिवी परवडली असती.

आम्ही दोघं बोकडाला घेऊन ठाण्यात गेलो. साहेब यात्रेच्या बंदोबस्ताला. पुन्हा गेलो. साहेब मीटिंगला. पुन्हा गेलो तेव्हा साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी आमचं ऐकून घेतलं, तेही उभ्याउभ्या. म्हणाले, "हे माझ्या आधीचं आहे. प्रकरण कोर्टात आहे. तुम्ही दोघं आपसात मिटवा."

"आपसात काय मिटवू साहेब? आमचं भांडण कुठं हाय? आमा दोघांचं भांडण तुमच्याशी हाय."

"मावशी, आवाज खाली."

आवाज मी खाली केला नाही. आबांनी मला बाहेर ओढत आणलं.

कोर्टाची तारीख पडते, पुढं जाते. कागदावर तो मुद्देमाल आहे. मुद्देमाल पाला खात नाही, बोकड खातो. आबा अधूनमधून मोपेडवर शेवरीचा पाला बांधून येतात, बोकडापाशी बसतात, आणि माझ्या घरचा चहा घेत नाहीत. मी एकदाही त्या बोकडाकडून कुणाची शेळी फळवली नाही. लोक आणतात, मी परत पाठवते. माझा बोकड कुठं आहे, जिवंत आहे का कुणाच्या ताटात गेला, हे शोधायचं आता कुणाचं काम नाही, कारण तो सापडला आहे.

आणि बाजारात परवा एका ओळखीच्या गिऱ्हाइकानं, माझ्याकडून वर्षानुवर्षं शेळ्या नेणाऱ्यानं, शेळीचे दात बघून झाल्यावर खालमानेनं विचारलं, "आक्का, हिची पावती आसंल न्हवं?"

मी पावती दिली. माझ्या धंद्यातली पहिली पावती.

म्हणून हे लिहितेय, आणि लिहितेय ते त्या बदली होऊन गेलेल्या साहेबांसाठी. साहेब, मी तुमच्या तोंडावर सांगितलं होतं की बोकड माझा नाही. तुम्ही ऐकलं होतं, कारण तुम्ही उत्तर दिलं होतं. तुम्ही कुठं बदलून गेलात ते मी शोधून काढलंय. एका बाजाराच्या दिवशी बारामतीला या. गणवेशात या. आबांना आणि मला शेजारी उभं करा आणि सगळ्यांसमोर सांगा की ही बाई चोर नाही, तिच्या हातात दावं मी दिलं. आबांचा बोकड आबांना कधी मिळणार ते सांगा. आणि माझा बोकड कुणी शोधायचा, त्या माणसाचं नाव सांगितल्याशिवाय माघारी जाऊ नका.