शेवटचं भोक

"फुटतं सगळंच. तुकडे कुठल्या बाजूला गेले ते सांगा."

इंदिरानगरचे सर वर्कशॉपात आले की हे ठरलेलं. एकदा त्यांच्या हातून चहाचा ग्लास पडला, तर हा प्राध्यापक माणूस उकिडवा बसून काचा कुठं कुठं उडाल्या ते बघत राहिला. चहा सगळा पँटवर.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी चौथी नापास, पण उभा जन्म लेथवर. मला त्यांनी समजावलं होतं, की अणूचा गाभा थेंबासारखा लांबट होतो नि फुटतो. तुकडे सगळीकडे सारखे जात नाहीत. पुढं-मागं जास्त, बाजूला कमी. त्यावरून फुटताना आतला आकार कसा होता ते कळतं.

तुकडे मोजायला त्यांना ॲल्युमिनियमचं कडं हवं होतं, दर दहा अंशांवर भोक. परगावच्या मोठ्या मशीनवर त्यांना चारच दिवस मिळाले होते, तेही कैक वर्षं वाट बघून.

कोन पाडायच्या चकतीत शेवटच्या भोकाच्या वेळी माझी पिन चुकीच्या घरात पडली. भोक दोन अंश सरकलं. मला दिसलं. पण सरांसमोर 'चुकलो' म्हणायचं? पॉलिश मारून देऊन टाकलं.

सर आलेख घेऊन परत आले. "सगळे ठिपके रेषेवर, मिस्तरी. शेवटचा तेवढा ऐकत नाही. भोकं बरोबर आहेत ना?"

"सर, माझ्या हातचं आहे."

"मग गाभ्याचाच आकार वेगळा!" माणूस पोरासारखा खूश. तसं छापूनही आणलं.

पुढं दुसऱ्यांनी मोजलं, तर तो ठिपका निमूट रेषेवर. सरांनी छापणाऱ्यांना लिहून कळवलं, 'चूक माझीच.' कॉलेजात त्यांना 'ठिपकेवाले' म्हणायला लागले. मशीन पुन्हा मिळालं नाही.

तरी यायचे. चहा संपवून उठताना विचारायचे, "भोकं बरोबर होती ना हो?"

"शंका असंल तर दुसरा मिस्तरी बघा, सर."

"तसं नाही हो," म्हणून हसायचे.

गेल्या महिन्यात सर गेले. त्यांच्या मिसेस ते कडं घेऊन आल्या. "तुम्हालाच द्या म्हणाले होते."

शेवटच्या भोकापाशी सुईनं कोरलेलं, त्यांचंच बारीक अक्षर: दोन अंश. म्हणजे माहीत असून विचारत होते. शिवी दिली असती तर मीही दिली असती, मोकळे झालो असतो दोघंही. तेवढंही दिलं नाही माणसानं.

कडं खिळ्याला टांगलंय. परवा एका गिऱ्हाईकानं हातात घेऊन विचारलं, "काय सफाई आहे! कुणाच्या हातचं, बाबा?"

मी मशीन चालू केलं.