हडळीची ताकद

गेल्या गुरुवारी दुपारी चार वाजता आम्ही शेवंताबाईंचा अपमान केला. आम्ही म्हणजे अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटणारे तिघे. शेवंताबाईंना त्यांच्या वाडीने हडळ ठरवलंय, म्हणून तिथे सभा घेणार होतो. त्याच सभेच्या पत्रकांना घड्या घालायला त्या आमच्या खोलीवर आल्या होत्या. अंगठ्याच्या नखाने एकेक घडी इस्त्रीसारखी बसवत होत्या.

काम करता करता आमचा वाद पेटला, सगळ्यात ताकदवान भूत कोणतं?

"वेताळ. भुतांचा राजा आहे तो," दिनेश म्हणाला.

"असेल राजा! खवीस एका हाताने लोळवेल त्याला," मीना म्हणाली.

मी टाळीसाठी हात पुढे केला. "हडळीपुढे दोघंही पाणी भरतील. मागे लागली की अख्खं खानदान साफ!"

आम्ही पोट धरून हसलो. शेवंताबाईंचा अंगठा घडीवरच थांबला.

"एवढी ताकद असती दादा, तर माझ्याच घरात नातवाला माझ्यापासून लपवलं असतं का?"

भूत नसतंच, हे मी सभांमधून घसा फोडून सांगतो. पण नसलेल्या भुताला जगवतं ते माणसांचं तोंड, आणि त्या दुपारी ते तोंड माझं होतं. मी माफी मागितली. "असू दे," म्हणत त्यांनी पुढचा कागद ओढला. त्या 'असू दे'ची लाज अजून जात नाही.

तुमच्या गल्लीत कुणा बाईला 'हडळ' हे नाव चिकटवलं असेल, तर आजच जा. दिवसाउजेडी, सगळ्यांना दिसेल असं तिच्या ओट्यावर बसा.