एक्स-रेवाल्या बाई

पिरंगुटच्या दातांच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या बाई भरे गावच्या. प्रत्येक फोटो खिडकीशी धरून त्या पुटपुटत बघायच्या. माझे दात हलू लागले, तेव्हा डॉक्टर चार दात काढायला निघाले. बाई मध्येच म्हणाल्या, "थांबा सर. कीड न्हाई, पण मुळं इरघळल्यागत दिसत्यात. आधी रक्त तपासा."

डॉक्टर चिडले, तरी बाई हटल्या नाहीत. तपासणीत माझ्या गळ्यातल्या एका ग्रंथीचं हार्मोन फार वाढलेलं निघालं; त्यानेच जबड्याचं हाड आणि दातांची मुळं झिजत होती. त्या ग्रंथीचं ऑपरेशन झालं आणि मुळांची झीज थांबली.

वर्षाने नवा फोटो बघताच बाई ओरडल्या, "सर, चारी दात हायेत तितंच! मुळं लई घट्ट!"

डॉक्टर सगळ्या पेशंटसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही वाचवलेत हे दात."