कमी पाण्याचं गवत आणि सावंतकाका

मंडळी, आज सकाळी सोसायटीने माझ्यावर एक नाजूक कामगिरी सोपवली. मी शाळेत संस्कृत शिकवते, म्हणजे मला गोड बोलता येत असणार, असा कमिटीचा समज आहे.

आमच्या सुकापूरच्या बागेत कोरियन गवत लावलंय. स्वभावाने अगदी संन्यासी. हळूहळू वाढतं, कापावं क्वचितच लागतं, पाणीही बेताचं पुरतं. तरी ते जागोजागी पिवळं पडलंय, कारण तळमजल्यावरचे सावंतकाका. काकू गेल्यापासून ते सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभे असतात. गवताची मुळं कुजायला लागली आहेत. पाणी कमी करा, हे त्यांना मी गोडीत सांगायचं होतं.

मी खाली गेले तेव्हा काका काळजीतच होते. "बघ गं, आणखी पिवळं पडलं. उद्यापासून दुपारीही पाणी घालतो."

"काका, याला एवढे लाड सोसत नाहीत. अपरिग्रही गवत आहे ते! थोडे दिवस निर्जळी उपास घडू दे त्याला."

मला वाटलं, हसतील. त्यांनी नळ बंद केला. "म्हणजे माझ्यामुळेच मरतंय?"

इतकी सुभाषितं पाठ आहेत, एकही कामाला आलं नाही.

पाइप गुंडाळत ते म्हणाले, "बरं. पण मग सकाळी उठून मी करू काय?"

पनवेलकरांनो, कुणाकडे अळूचे कंद आहेत का? रोज दोनदा पाणी मागणारं दुसरं काहीही चालेल. जरा लवकर सांगा. काका आज संध्याकाळी बागेत आलेच नाहीत.