डावी बाजू

मैत्रिणीच्या प्रदर्शनात मधोमध एक कापडी धड होतं. जुन्या साड्यांचे थर गोधडीसारखे शिवून तिनं ते स्वतःच्या मापाचं घडवलं होतं. उजव्या स्तनात कापूस भरलेला. डावीकडे सपाट कापड आणि त्यावर लाल धावदोरा. ऑपरेशननंतरचं तिचंच शरीर.

आवराआवर करताना तिच्या नवऱ्यानं ते उचललं. टाके उसवू नयेत म्हणून डाव्या बाजूला तळहाताचा आधार देऊन, छातीशी धरून तो बाहेर गेला.

"किती जपतो गं!" मी म्हटलं.

ती सुया डबीत ठेवत होती. "माझ्या त्या बाजूला अजून हात लावलेला नाही त्यानं."

कापडाला हात लावणं सोपं असावं. ते आपल्याकडे बघत नाही. बाहेर टेम्पोत तो धडावर चादर घालत होता, झोपलेल्या माणसाला पांघरूण घालावं तशी, कडा नीट खोचून.